फुफ्फुस निरोप धाडतं तेव्हा

दिवाळी सरली की परभणी जिल्ह्यात कापसाचे दिवस येतात. मानवत, सेलू, पाथरी, जिंतूर या पट्ट्यातल्या रस्त्यांवर कापसाने फुगलेल्या गाड्या दिसू लागतात आणि जिनिंगची यंत्रं रात्री उशिरापर्यंत घरघरत राहतात. जिनिंगमध्ये सरकी एकीकडे पडते, रुई दुसरीकडे निघते. तिसरीही एक वस्तू निघते, पण तिचा भाव कुणी पुकारत नाही. ती म्हणजे धूळ. बोंडाभोवतीच्या वाळल्या पानांचा चुरा, रुईचे बारीक तंतू, शेतातली माती आणि कापसावर वाढून मेलेल्या जिवाणूंचे अवशेष असं सगळं त्यात असतं. या अवशेषांत ‘एन्डोटॉक्सिन’ नावाचा पदार्थ असतो. जिवाणू मेला तरी त्याच्या कवचातला हा पदार्थ शाबूत राहतो आणि श्वासाबरोबर आत जातो.

सुती गिरण्यांतल्या कामगारांचा एक जुना आजार आहे, बिसिनोसिस. सुट्टीनंतर कामावर आलं की पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी होते, पुढच्या दिवसांत ती हळूहळू सैल होते आणि पुढच्या सुट्टीनंतर पुन्हा तेच. कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यातल्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत या आजाराचा समावेश होता. कापूस पिंजणाऱ्या, कातणाऱ्या कामगारांत तो जास्त, जिनिंगमध्ये कमी. तरी खोकला आणि धाप जिनिंगवाल्यांनाही चुकलेली नाही.

यात धूळ स्वतः फारसं काही करत नाही. ती निष्प्राण आहे. छाती आवळते ती त्या धुळीची दखल घेऊन फुफ्फुसाच्या पेशींनी शरीरभर धाडलेल्या निरोपांमुळे. दम्याचा पंप, डेक्साची सुई, अंगदुखीची गोळी ही सगळी औषधं या निरोपांच्याच वाटेवर काम करतात. कोणतं औषध कोणता निरोप अडवतं आणि कोणता अडवायला नको होता, हे या प्रकरणात पाहू.

अस्तर बोलतं

मोठ्या माणसाच्या फुफ्फुसात सुमारे ४८ कोटी वायुकोश असतात. त्यांचा एकूण पृष्ठभाग ७० चौरस मीटरच्या आसपास भरतो. दिवसाकाठी दहा हजार लिटरहून अधिक हवा या पृष्ठभागाला लागून जाते. श्वासनलिकांपासून वायुकोशांपर्यंत पेशींचं एक अस्तर असतं. हे अस्तर म्हणजे आत-बाहेर वेगळं ठेवणारी नुसती भिंत, असं बराच काळ मानलं जाई. गेल्या चार दशकांत कळलं की या पेशी पहारा देतात, ओळखतात आणि हाकही देतात.

एन्डोटॉक्सिनचंच उदाहरण घेऊ. वायुकोशात फिरणाऱ्या भक्षक पेशींच्या अंगावर टीएलआर-४ नावाचा ग्राहक रेणू असतो. एन्डोटॉक्सिन तोच ओळखतो, हे अमेरिकेत ब्रूस बॉयट्लर यांच्या गटाने १९९८ मध्ये दाखवलं. २०११ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. भक्षक पेशीने एन्डोटॉक्सिन ओळखलं की ती टीएनएफ आणि इंटरल्युकिन-१ ही प्रथिनं सोडते. ती शेजारच्या अस्तरपेशीला लागतात आणि तिच्या आत हालचाल सुरू होते. पेशीद्रवात एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रथिन एका दुसऱ्या प्रथिनाने जखडून ठेवलेलं असतं. संकेत आला की जखडणारं प्रथिन नष्ट होतं आणि सुटलेलं एनएफ-कप्पा-बी केंद्रकात शिरून डझनावारी जनुकं चालू करतं. १९८६ मध्ये रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांना ते सापडलं, तेव्हा ते प्रतिपिंडांच्या जनुकाशी निगडित काहीतरी आहे एवढाच अंदाज होता. पुढे ते दाहाचं मुख्य बटणच निघालं.

अस्तरातून निघणारे निरोप अनेक आहेत. आपल्याला तीन पुरेत.

पहिला इंटरल्युकिन-८. तो रक्तातल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना बोलावतो. काही तासांत त्या फौजेने येतात, जिवाणू मारतात आणि जाताना आजूबाजूच्या ऊतीलाही इजा करतात.

दुसरा टीएसएलपी आणि इंटरल्युकिन-३३ यांचा जोडनिरोप. परागकण, धुळीतले किडे, बुरशी यांनी अस्तर डिवचलं गेलं की तो निघतो. त्यातून पुढे इओसिनोफिल या पेशी येतात आणि ॲलर्जीचा दमा उभा राहतो.

तिसरा इंटरफेरॉन. पेशीत विषाणू शिरला की ती स्वतः वाचो न वाचो, शेजारणींना सावध करते. मग शेजारच्या पेशी विषाणूला आपल्यात वाढू न देण्याची तयारी करतात. लंडनमध्ये ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांनी १९५७ मध्ये याचा शोध लावला.

दाहशामक औषध या तिघांवर सारखं चालत नाही. सगळा घोळ इथेच होतो.

स्टेरॉइड केंद्रकात काय करतं

सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका स्त्रीला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड टोचलं. थोड्याच दिवसांत ती चालू लागली. १९५० मध्ये हेंच, एडवर्ड केंडल आणि टाडेउस राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं. औषध जादूसारखं चाललं होतं, पण ते कसं चालतं हे त्या वेळी कुणालाच ठाऊक नव्हतं.

आज ते बऱ्यापैकी कळलं आहे. स्टेरॉइडचा रेणू पेशीच्या आवरणातून सहज आत शिरतो, पेशीद्रवातल्या आपल्या ग्राहकाला जाऊन चिकटतो आणि ही जोडी केंद्रकात जाते. तिथे ती दोन कामं करते. एक, एनएफ-कप्पा-बी जिथे बसून जनुकं चालवत असतं तिथे जाऊन त्याचं काम थांबवते. दोन, दाहाला लगाम घालणारी काही जनुकं स्वतः चालू करते. म्हणजे स्टेरॉइड फक्त दाबतं असं नाही, ते काही गोष्टी नव्याने घडवूनही आणतं. न्यूझीलंडचे ग्रॅहॅम लिगिन्स आणि रॉस हाउवी यांनी १९७२ मध्ये दाखवलं की वेळेआधी बाळंत होणाऱ्या आईला स्टेरॉइडची सुई दिली तर बाळाची फुफ्फुसं लवकर पक्व होतात. वायुकोशांच्या काही पेशी श्वास सोडल्यावर कोश मिटू न देणारा स्निग्ध पदार्थ बनवतात, त्यांना ते कामाला लावतं. भारत सरकारने २०१४ मध्ये याच कामासाठी डेक्सामेथासोन (डेक्सा) या स्टेरॉइडची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि पहिला डोस देण्याची मुभा गावपातळीवरच्या परिचारिकेला, म्हणजे एएनएमलाही दिली.

हे सगळं जनुकांच्या पातळीवर चालत असल्याने वेळ लागतो. धाप लागली असताना पंप ओढल्यावर पाच मिनिटांत छाती मोकळी होते ती साल्बुटामोलने, म्हणजे श्वासनलिकेचे स्नायू सैल करणाऱ्या औषधाने. स्टेरॉइडचा पंप आज ओढला तर त्याचा गुण दिसायला तास लागतात आणि पुरता दिसायला कित्येक दिवस. त्यामुळे पुष्कळ रुग्ण ‘लगेच गुण येतो तोच खरा पंप’ म्हणून दुसरा बाजूला टाकतात. स्नायू सैल झाले तरी अस्तराचे निरोप चालूच राहतात आणि पुढचा झटका ठरलेला असतो.

दम्यात ते का चालतं

दम्यात बहुधा दुसरा निरोप जोरात असतो, आणि या निरोपाच्या वाटेवर स्टेरॉइडची ताकद सर्वांत जास्त. ते इओसिनोफिलना बोलावणारे संकेत कमी करतं, आलेल्या इओसिनोफिलना लवकर मरायला लावतं आणि अस्तराची सूज उतरवतं.

‘पंपाची सवय लागते’ हे वाक्य कोणत्याही गावात ऐकायला मिळतं. गंमत अशी की हे म्हणणारा माणूस गोळी आणि सुई बिनदिक्कत घेतो. जरा हिशोब करू. ब्युडेसोनाइडच्या पंपाच्या एका झुरक्यात साधारण २०० मायक्रोग्रॅम औषध असतं, दोन वेळचं मिळून ४००. दम्याच्या झटक्यात दिली जाणारी प्रेडनिसोलोनची मात्रा दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंत असते, म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम. वजनाने शंभरपट. दोन्ही औषधांची ताकद सारखी नाही हे खरं, पण पंपातलं औषध जिथे निरोप निघतो त्या अस्तरावरच पडतं आणि गोळीतलं हाडं, डोळे, साखर, रक्तदाब असा सगळीकडचा फेरफटका मारतं. पंपानंतर चूळ भरायची आठवण ठेवली तर तोंडातली बुरशीही बहुतांशी टळते.

पऱ्हाटीचा धूर आणि चिवट न्यूट्रोफिल

कापूस वेचून झाला, फरदडही संपली की शेतात पऱ्हाटी उरते. ती उपटून, मोळ्या बांधून घरी येते. तुराट्या आणि गोवऱ्यांच्या जोडीने ती चुलीत जाते. गॅस घरोघर पोहोचला असला तरी भाकरी आणि अंघोळीचं पाणी अजून बऱ्याच घरांत चुलीवरच होतं. फुंकणीने जाळ धरणाऱ्या बाईचं तोंड धुरापासून हातभर अंतरावर असतं.

धुराने अस्तराचं काय होतं हे माणसांमध्येच प्रत्यक्ष पाहिलं गेलं आहे. पुण्यात श्वसनरोगांवर काम करणारे डॉ. संदीप साळवी इंग्लंडमध्ये असताना त्यांनी सहकाऱ्यांबरोबर केलेला एक प्रयोग २००० मध्ये प्रसिद्ध झाला. निरोगी स्वयंसेवकांना तासभर डिझेलचा पातळ केलेला धूर देण्यात आला. सहा तासांनी दुर्बीण घालून त्यांच्या श्वासनलिकेच्या अस्तराचे तुकडे काढले. अस्तरात इंटरल्युकिन-८ चं उत्पादन वाढलेलं आढळलं. एक तास, तोही निरोगी माणसांना. चूल फुंकणाऱ्या बाईचा हिशोब वर्षांत करावा लागतो. साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं की जगात तंबाखू ओढणारे सुमारे शंभर कोटी, पण लाकूड-गोवऱ्यांच्या धुरात राहणारे तीनशे कोटी. सिगारेटला हातही न लावलेल्या बाईला सीओपीडी, म्हणजे श्वासमार्ग अडवणारा फुफ्फुसाचा जुनाट आजार, होतो तो असा.

सीओपीडीत बऱ्याचदा पहिला निरोप जोरात असतो, आणि तिथे स्टेरॉइड अडखळतं. कारण बार्न्स यांच्या प्रयोगशाळेने उलगडलं. चालू झालेलं जनुक पुन्हा गुंडाळून ठेवायला स्टेरॉइडचा ग्राहक एचडॅक-२ नावाच्या विकराची मदत घेतो. सिगारेटच्या धुरातल्या तीव्र ऑक्सिडीकारक रेणूंनी हा विकरच निकामी होतो. स्टेरॉइड केंद्रकात पोहोचतं, पण ज्याच्या हातून काम करून घ्यायचं तोच जागेवर नसतो. भरीला स्टेरॉइड इओसिनोफिलचं आयुष्य कमी करत असलं तरी न्यूट्रोफिलचं वाढवतं. थिओफायलिन या जुन्या, स्वस्त औषधाने एचडॅक-२ पुन्हा कामाला लागतो असं प्रयोगशाळेत दिसलं, तेव्हा आशा वाढली. मग ब्रिटनमध्ये १५०० हून अधिक सीओपीडी रुग्णांवर चाचणी झाली. स्टेरॉइडच्या पंपासोबत कमी मात्रेत थिओफायलिन देऊनही आजार बळावण्याचे प्रसंग कमी झाले नाहीत. हा निकाल २०१८ चा. पेशीत खरं ठरलेलं माणसात खरं ठरेलच असं नाही, हे इथेही दिसलं.

उलट बाजूही आहे. २००७ च्या ‘टॉर्च’ या चाचणीत सीओपीडीच्या रुग्णांना तीन वर्षं पंप दिले. औषध नसलेला पंप मिळालेल्यांत १२.३ टक्के लोकांना न्यूमोनिया झाला, तर फ्लुटिकासोन हे स्टेरॉइड मिळालेल्यांत १८.३ टक्के. निरोप दाबला की शत्रू आत शिरल्याची वर्दीही दबते.

वेळ चुकली की

जानेवारी २०२१ मध्ये परभणी तालुक्यातल्या मुरुंबा गावात दोन दिवसांत शेकडो कोंबड्या मेल्या. तपासणीत बर्ड फ्लू निघाला आणि परिसरातले हजारो पक्षी नष्ट करावे लागले. तिथे माणसाला बाधा झाल्याची नोंद नाही. बर्ड फ्लूने भारतातला पहिला मानवी मृत्यू त्याच वर्षी जुलैमध्ये नोंदला गेला, तो दिल्लीत उपचार घेणाऱ्या हरियाणातल्या मुलाचा.

या कुळातल्या एच५एन१ विषाणूची शास्त्रज्ञांना धास्ती आहे, ती फुफ्फुसाच्या पेशी त्याला पाहून काय बोलतात म्हणून. हाँगकाँगमध्ये १९९७ साली १८ जणांना त्याची लागण झाली आणि ६ जण दगावले. तिथल्या प्रयोगशाळेने २००५ मध्ये मानवी वायुकोशांच्या पेशींना हा विषाणू लावून पाहिला. साध्या फ्लूच्या तुलनेत या पेशींनी कितीतरी अधिक दाहजनक निरोप सोडले. मग दाह दाबला तर माणूस वाचेल, हा विचार साहजिक होता. २००८ मध्ये तिथेच उंदरांवर प्रयोग झाला. लागण होऊन ४८ तास उलटल्यावर विषाणूरोधक झानामिव्हिरच्या जोडीला सेलेकॉक्सिब आणि मेसालाझिन ही दोन दाहशामकं दिली. निम्म्याहून अधिक उंदीर जगले, एकटं झानामिव्हिर दिलेल्यांतले थोडेच. दाहशामक एकटं पाठवायचं नसतं, विषाणू मारणारं औषध बरोबर असावं लागतं. साध्या फ्लूत मात्र स्टेरॉइडने भलं होतं असं दिसलेलं नाही. गंभीर फ्लूमध्येही ते सरसकट देऊ नये असं जागतिक आरोग्य संघटनेचं २०२४ चं मत आहे.

कोविडने हाच धडा आकड्यांत लिहून दिला. ऑक्सफर्डच्या ‘रिकव्हरी’ चाचणीचा निकाल १६ जून २०२० रोजी जाहीर झाला. डेक्सामेथासोन, रोज ६ मिलिग्रॅम, दहा दिवसांपर्यंत. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतलं २८ दिवसांतलं मृत्यूचं प्रमाण ४१.४ वरून २९.३ टक्क्यांवर आलं. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत २६.२ वरून २३.३ वर. आणि ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांच्यात? औषध न घेतलेल्यांत १४ टक्के, घेतलेल्यांत १७.८ टक्के. या शेवटच्या गटातला फरक योगायोगाचाही असू शकतो, पण फायदा दिसला नाही हे नक्की.

कारण तिसऱ्या निरोपात आहे. पहिल्या आठवड्यात विषाणू वाढत असतो आणि इंटरफेरॉनची हाक जितकी मोठी तितकी बरी. त्या वेळी स्टेरॉइड दिलं तर तीच हाक दबते. दुसऱ्या आठवड्यात विषाणू ओसरलेला असतो, पण पहिल्या निरोपाचा कल्लोळ थांबत नाही. फुफ्फुसाचं नुकसान तो करतो, आणि तेव्हा स्टेरॉइड जीव वाचवतं. औषध तेच, मात्रा तीच, फरक फक्त आठवड्याचा.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत गावोगाव ताप आल्याच्या पहिल्या दिवसापासून डेक्सा किंवा मेड्रॉल ही स्टेरॉइडं सुरू झाली. स्टेरॉइडने रक्तातली साखर चढते आणि बुरशीचे बीजाणू मारण्याची भक्षक पेशींची ताकद उतरते. अनेकांना आधीच मधुमेह होता. मे २०२१ मध्ये म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजाराची नोंद करणं बंधनकारक झालं, तेव्हा सर्वाधिक रुग्ण असलेल्या राज्यांत महाराष्ट्र होता.

अंगदुखीची गोळी आणि वळवलेलं पाणी

वेचणी, खुरपणी, गाठी उचलणं, यानंतर अंग मोडून येतं आणि मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय गोळी येते. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक. ही दाहशामकंच, पण स्टेरॉइड नव्हेत. ती कॉक्स नावाचं विकर बंद करून प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाहीत, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. १९८२ चं नोबेल त्यांना इतर दोघांसह मिळालं.

फुफ्फुसात मात्र ई-२ नावाचं प्रोस्टाग्लँडिन लगामाचं काम करतं. ॲलर्जीत भाग घेणाऱ्या मास्ट पेशी आणि इओसिनोफिल यांना ते आवरून धरतं. ज्या कच्च्या मालापासून ते बनतं, त्याच मालापासून दुसऱ्या विकराच्या हाताने ल्युकोट्राइन बनतात आणि ती श्वासनलिका आवळतात. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावरच्या शेतकऱ्याला हे चटकन कळेल: एका चारीचं दार पाडलं की पाणी थांबत नाही, पुढच्या चारीला जोर येतो. बहुतेकांना याने काही होत नाही. पण दमा असलेल्या प्रौढांपैकी साधारण ७ टक्के लोकांत ही दुसरी चारी आधीच काठोकाठ भरलेली असते. त्यांना गोळीनंतर अर्ध्या तासापासून तीन तासांच्या आत नाक बंद होतं, डोळे लाल होतात आणि दम्याचा तीव्र झटका येतो. नाकात कोंब वाढलेला असेल, वास येत नसेल आणि दमाही असेल, तर अंगदुखीला पॅरासिटामॉल बरं, तेही डॉक्टरांना विचारून.

निरोप ओळखायचा कसा

एवढं वाचल्यावर प्रश्न उरतो तो व्यवहाराचा. धाप लागलेल्या माणसाच्या फुफ्फुसातून कोणता निरोप चालू आहे हे तालुक्याच्या ठिकाणी कळणार कसं? श्वासनलिकेचा तुकडा काढून इंटरल्युकिन मोजणं मोठ्या शहरांतही रोजचं नाही.

पण एक धागा प्रत्येक पॅथॉलॉजीत मिळतो. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची साधी मोजणी. तिच्यात इओसिनोफिलचा आकडा असतो. सीओपीडीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात तो वापरला जातो. एका मायक्रोलिटर रक्तात इओसिनोफिल ३०० किंवा जास्त असतील तर स्टेरॉइडच्या पंपाचा फायदा होण्याची शक्यता चांगली, १०० हून कमी असतील तर फारशी नाही आणि न्यूमोनियाचा धोका मात्र तसाच. तपासणी स्वस्त आहे, निकाल त्याच दिवशी मिळतो. तिला एकच अट आहे. स्टेरॉइडची एक सुई पडली की काही तासांत इओसिनोफिल रक्तातून दिसेनासे होतात आणि कागदावरचा आकडा फसवतो. म्हणून धाप जिवावर बेतलेली नसेल तर रक्त आधी द्यावं आणि सुई नंतर घ्यावी.